पेसमेकरचा आधार आणि बीटा ब्लॉकरचा अंमल

ज्या रुग्णाचे हृदय फार मंद चालते म्हणून त्याच्या छातीत कातडीखाली यंत्र बसविले, त्याच रुग्णाच्या हाती इस्पितळातून निघताना हृदयाची गती आणखी मंद करणाऱ्या गोळीची चिठ्ठी पडावी, हे पाहून घरातील शहाणीसुरती माणसे बुचकळ्यात पडतात, आणि त्यांच्या त्या गोंधळाला अज्ञान म्हणून हसण्याचे काहीच कारण नाही. एका हाताने लगाम खेचायचा आणि दुसऱ्या हाताने चाबूक उगारायचा, असाच हा प्रकार वरकरणी दिसतो. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, ॲटेनोलॉल, कार्व्हेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर वर्गातील औषधे आपल्याकडे 'बीपीची गोळी' किंवा 'धडधडीची गोळी' अशा घरगुती नावांनी वावरत असली, तरी अतिमंद नाडी अथवा हार्ट ब्लॉक (हृदयाचा विद्युत्संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत नीट न पोचणे) असलेल्या रुग्णास ती देऊ नयेत अशी सक्त ताकीद औषधशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळते. मात्र त्या ताकिदीला पेसमेकर बसविलेल्या रुग्णाचा अपवादही जोडलेला असतो. हा अपवाद कोठवर रास्त आहे, त्याच्या आधारे कोणती मुभा मिळते आणि कोणती मिळत नाही, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. तेथून निघालेला विद्युत्संकेत वरच्या कप्प्यांतून पसरत वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडपाशी येतो, तेथे क्षणभर रेंगाळतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरून त्यांना आकुंचित करतो. भय, श्रम, क्रोध, ताप अशा प्रसंगी ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन ही द्रव्ये हृदयातील बीटा ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतात, आणि त्यामुळे संकेत लवकर निघतो, वाटेत कमी रेंगाळतो व स्नायूचा जोरही वाढतो. बीटा ब्लॉकर त्या ग्राहकांच्या जागा आधीच अडवून धरतो. म्हणून नाडी उतरते, एव्ही नोडमधील विलंब वाढतो, आकुंचनाचा आवेग कमी होतो आणि मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनलाही आळा बसून रक्तदाब खाली येतो. पेसमेकरचे काम याहून फार मर्यादित आहे. किमान गती मिनिटाला ६० ठरवून दिली असेल, तर तो प्रत्येक ठोक्यानंतर एक सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प राहतो, न आला तर आपला संकेत सोडतो. नाडीला खालची सीमा घालून देणे त्याला साधते. वरची सीमा मात्र साध्या पेसमेकरच्या हाती नाही, आणि नाडी १५० वर पळू लागली असता तो केवळ साक्षीदार असतो. तेव्हा ज्या दोन गोष्टी परस्परांच्या विरुद्ध वाटतात, त्या वस्तुतः दोन निरनिराळ्या सीमांचा बंदोबस्त करीत असतात.

या दोहोंचा जन्म जवळजवळ एकाच काळातला आहे. पेसमेकर निघण्यापूर्वी संपूर्ण हार्ट ब्लॉकच्या रुग्णाला डॉक्टर देत असत ते आयसोप्रिनॅलिन, म्हणजे बीटा ग्राहकांना डिवचणारे, बीटा ब्लॉकरच्या नेमके उलट असे औषध; त्याची गोळी जिभेखाली ठेवायची आणि ठोके वाढतील अशी आशा करायची. १९५२ साली बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवरून विजेचे धक्के देऊन बंद पडू पाहणारे हृदय चालते ठेवता येते हे दाखविले, पण ते धक्के जागत्या माणसाने सोसण्याजोगे नव्हते. पुढे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इस्पितळात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेले यंत्र बसविले. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून तिच्यात इपॉक्सी राळ ओतून त्याची वडी पाडलेली होती, आणि ते पहिले यंत्र काही तासांतच थांबले. लार्सन मात्र थांबले नाहीत. वीसहून अधिक यंत्रे बदलीत ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले आणि आपला शल्यविशारद व आपला अभियंता या दोघांच्याही मागे राहिले.

तिकडे अमेरिकेत रेमंड अॅलक्विस्ट यांनी १९४८ साली ॲड्रिनॅलिनचे परिणाम समजून घ्यायचे तर अल्फा व बीटा असे दोन प्रकारचे ग्राहक मानले पाहिजेत असे प्रतिपादन केले होते, त्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी ते सूत्र उचलले. अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडून छातीत दुखणाऱ्या, रुग्णाच्या हृदयाला अधिक रक्त कसे पुरवावे याचाच जो तो विचार करीत असता, त्याची रक्ताची मागणीच कमी करता येईल काय, असा उलटा प्रश्न त्यांनी घातला, आणि त्यातून १९६० च्या दशकात प्रथम प्रोनेथॅलॉल व नंतर प्रोप्रॅनोलॉल निघाले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ब्लॅक होते. हृदयाचा ब्लॉक झालेल्या माणसाला हे औषध द्यावे, ही कल्पना पेसमेकर नसता तर कोणाही विचारी वैद्याच्या मनात आली नसती.

दोहोंची गाठ सर्वांत घट्ट पडते ती सायनस नोड झिजलेल्या वृद्धांच्या बाबतीत. यांचे दुखणे चमत्कारिक असते: कधी नाडी उधळते, कधी ठप्प होते, आणि बहुधा एकामागून दुसरे घडते. अशा रुग्णाच्या चोवीस तासांच्या हॉल्टर नोंदीची पट्टी एकदा तरी नीट पाहावी. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास वरचे कप्पे अनियमितपणे थरथरू लागलेले असतात, खालचे कप्पे १४० च्या गतीने वेडेवाकडे धावत असतात, पट्टीवर उंच रेघांची नुसती दाटी झालेली असते. मग ती थरथर आपण होऊन थांबते, आणि आता सायनस नोडने सूत्रे हाती घ्यावीत अशी अपेक्षा असताना कागदावर सरळ आडवी रेघ चालू राहते. तीन सेकंद, चार सेकंद, क्वचित त्याहूनही अधिक. न्हाणीघराकडे निघालेली आजी याच क्षणी कोसळते, आणि सकाळी घरातली माणसे तिचा पाय घसरला असे समजून फरशीला दोष देतात. आता या रुग्णाला धडधडीसाठी बीटा ब्लॉकर द्यावा तर तो थबकलेला काळ आणखी लांबतो. न द्यावा तर नाडी पळत राहून हृदय थकते. पेसमेकर हा या कोंडीतून निघण्याचा राजमार्ग आहे. तो थबकण्याला जामीन राहतो, म्हणून गोळीला धावण्याचा समाचार घेता येतो. येथे दोन्ही उपाय एकाच योजनेची अंगे असतात, आणि 'मशीन बसवले, आता गोळी कशाला?' या प्रश्नाचे उत्तर 'गोळी देता यावी म्हणूनच मशीन' असे सरळ देता येते.

उलट बाजूचाही एक प्रश्न आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गोळीमुळेच नाडी मंदावली असेल तर गोळी थांबवायची की यंत्र बसवायचे? प्रथम गोळी थांबवून पाहावी, हा नियम रास्त आहे, आणि केवळ अनावश्यक औषध चालू ठेवता यावे म्हणून कोणाच्या छातीत यंत्र घालणे हे कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही. परंतु औषधावर आळ घालून मोकळे होणेही धोक्याचे असते. इस्रायलमधील डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की औषध बंद केल्यावर ज्यांचा ब्लॉक नाहीसा झाला, त्यांच्यापैकी अनेकांना तो पुढे औषधाविनाच पुन्हा झाला. म्हणजे गोळीने रोग निर्माण केला नव्हता, आतला झिजलेला मार्ग केवळ उघडा पाडला होता. आणि जेथे बीटा ब्लॉकरवाचून गत्यंतर नाही व त्याला पर्यायही नाही, तेथे त्या औषधामुळे त्रासदायक मंदी आल्यास पेसमेकर बसवावा, असे अमेरिकन हृदयरोगसंस्थांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

म्हणून सगळा भार येऊन पडतो तो 'गत्यंतर नाही' या निर्णयावर, आणि तो निर्णय रोगपरत्वे निराळा असतो. हृदयाच्या स्नायूची शक्ती घटलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत बीटा ब्लॉकरची बाजू भक्कम आहे. एके काळी अशा रुग्णांना हे औषध म्हणजे विष मानले जाई. १९७५ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील डॉक्टरांनी ते थोड्या रुग्णांत देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. परंतु १९९९ साली बिसोप्रोलोलची सिबिस-२ आणि मेटोप्रोलोलची मेरिट-एचएफ या दोन मोठ्या चाचण्यांनी मृत्यूचे प्रमाण जवळजवळ एकतृतीयांशाने घटते असे दाखविले, आणि वाद मिटला. अशा रुग्णाला पेसमेकर असेल तर तो गोळीचा डोस पूर्ण मात्रेपर्यंत चढविण्यास साहाय्यच करतो. झटका देऊन प्राण वाचविणाऱ्या आयसीडी यंत्राच्या बाबतीतही, ज्याला आपल्याकडे सरसकट पेसमेकरच म्हटले जाते, बीटा ब्लॉकर हा बहुधा सहचर असतोच. कारण यंत्राला झटका द्यावा लागेल असे प्रसंग तो कमी करतो.

हार्ट अटॅकनंतरची कैफियत मात्र आता पूर्वीइतकी निःसंदिग्ध राहिलेली नाही. १९८० च्या दशकातील चाचण्यांच्या पुराव्यावर हे औषध सर्वांना आणि बहुधा आजन्म दिले जात असे. पण त्या काळी बंद रक्तवाहिनी तातडीने उघडण्याची आजची सोय नव्हती. २०२४ साली स्वीडनमध्ये प्रामुख्याने झालेल्या रिड्यूस-एएमआय चाचणीत, हृदयाची शक्ती शाबूत असलेल्या रुग्णांना या औषधाचा लाभ आढळला नाही. २०२५ साली स्पेन व इटलीतील रिबूट चाचणीचा निष्कर्षही तसाच निघाला, तर त्याच वर्षी नॉर्वे-डेन्मार्कमधील संयुक्त चाचणीत थोडा लाभ दिसला. फ्रान्समधील अबिस चाचणीत चालू औषध थांबविणे निर्धोक असल्याचे सिद्ध झाले नाही. फैसला अजून व्हायचा आहे, आणि ज्यांना दहा-पंधरा वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला व पुढे केव्हातरी पेसमेकर बसला, त्यांनी आपल्या डॉक्टरांना हा विषय पुन्हा काढण्यास सांगावे, इतके म्हणण्यास जागा आहे. नुसत्या रक्तदाबासाठी, विशेषतः उतारवयात, ॲटेनोलॉलला पहिली पसंती देण्याची प्रथा तर २००२ सालच्या लाइफ चाचणीने पुरती डळमळीत केली. तीत ॲटेनोलॉलऐवजी लोसार्टन हे रक्तदाबाचे दुसरे औषध घेणाऱ्यांना पक्षाघात कमी झाले. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीत, नाडी आवरण्यासाठी बीटा ब्लॉकर आजही आघाडीवर आहे, पण तेथेही विश्रांतीतील नाडी ८० च्या खाली आणण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील रेस-२ चाचणीने २०१० साली ११० पर्यंतची मुभा त्याहून वाईट ठरत नाही असे दाखविले. पेसमेकर आहे, नाडी खाली जाण्याची भीती नाही, म्हणून डोस वाढवीत नेणे हा त्या यंत्राचा दुरुपयोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे एक कारण सहसा रुग्णाच्या कानावर घातले जात नाही. दर काही महिन्यांनी पेसमेकरची तपासणी होते. तंत्रज्ञ छातीवर चपटे उपकरण ठेवतो, पडद्यावर बॅटरीचे आयुष्य, तारांचा रोध असे आकडे उमटतात, आणि त्यांतच एक आकडा असतो तो खालच्या कप्प्यांतील किती टक्के ठोके यंत्राने दिले याचा. रुग्ण बॅटरीचे विचारतो आणि समाधानाने घरी जातो; विचारायला हवा तो हा दुसरा आकडा. पेसमेकरची तार बहुधा उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी किंवा दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याशी टेकविलेली असते, आणि तेथून सुरू झालेले आकुंचन नैसर्गिक मार्गाने न जाता आडवळणाने पसरते; उजवी बाजू आधी, डावी मागाहून, असा विसंवाद त्यातून उद्भवतो. २००२ सालच्या डेव्हिड चाचणीत, ज्यांच्या यंत्राला ७० ची गती देऊन वरचा व खालचा असे दोन्ही कप्पे चालविण्यास लावले, त्यांची स्थिती ४० ला केवळ राखणीसाठी ठेवलेल्यांपेक्षा वाईट ठरली. आता ज्याचा सायनस नोड दुबळा पण एव्ही नोड शाबूत आहे, अशा रुग्णाला बीटा ब्लॉकर दिला की एव्ही नोडमधील विलंब वाढतो. यंत्राला वाटते की संकेत खाली पोचलाच नाही, आणि ते आपला ठोका देऊन मोकळे होते. जे ठोके हृदय स्वतः देऊ शकले असते, ते यंत्र देऊ लागते. उपाय अवघड नाही: यंत्राची वाट पाहण्याची मुदत वाढविणे, अनावश्यक ठोके टाळणारी आज्ञावली चालू करणे, किंवा डोस कमी करणे. दोन्ही खालचे कप्पे एकदम चालविणाऱ्या सीआरटी यंत्राचा न्याय मात्र अगदी उलटा. तेथे यंत्राचे ठोके शंभर टक्क्यांच्या जवळ असावे लागतात, आणि मध्ये घुसणारे हृदयाचे स्वतःचे ठोके दडपण्यासाठीही बीटा ब्लॉकरची तजवीज केलेली असते. तेव्हा शेजारच्या काकांचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहू नये.

पेसमेकर जामीन राहतो तो फक्त नाडीला. गोळीच्या इतर परिणामांशी त्याचा काही संबंध नाही. उठून उभे राहताना येणारी घेरी रक्तदाब उतरल्याची असू शकते, आणि त्या वेळी नाडी ६० वर चोख चालू असते. थकवा, गार पडलेले हातपाय, दम्याच्या रुग्णाला लागणारी धाप, या तक्रारी यंत्राने थांबत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णात साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड व थरथर हे औषध झाकून टाकते. घाम मात्र सुटतो, म्हणून गार घामाकडे दुर्लक्ष करू नये. काचबिंदूसाठी डोळ्यात घालावयाचे टिमोलॉलचे थेंब हाही बीटा ब्लॉकरच आहे, तो नाकाच्या मार्गाने रक्तात उतरतो, आणि औषधांची यादी सांगताना ते थेंब कोणीच सांगत नाही. पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरील औषधांच्या जोडीने मेटोप्रोलोलचे रक्तातील प्रमाण वाढते. आणि मूत्रपिंड थकलेले असून पोटॅशियम चढले, तर परिस्थिती अधिक गंभीर होते. कारण फार वाढलेले पोटॅशियम हृदयाच्या स्नायूला इतके बधिर करते की पेसमेकरचा संकेत जाऊनही ठोका उठत नाही. म्हणजे आपण ज्या जामिनावर विसंबलो, तोच अशा प्रसंगी नादार ठरतो. वृद्ध रुग्णाला बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन ही पोटॅशियम चढवू शकणारी औषधे एकत्र चालू असतील, आणि त्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल, तर पेसमेकर आहे या भरवशावर घरी न बसता रक्त तपासून घ्यावे.

घरच्या रक्तदाबाच्या यंत्राने वारंवार उडणारी तारांबळ हीही नोंदविण्याजोगी आहे. पेसमेकर ६० वर ठेवलेला, आणि यंत्र नाडी ४२ दाखवते. रात्री अकरा वाजता मुलाला पुण्याहून फोन जातो. बहुतेक वेळा घडलेले असते ते एवढेच की मध्येच उठणारे अकाली ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचत नाहीत. पेसमेकर ते मोजतो, रक्तदाबाचे यंत्र मोजत नाही. काही पेसमेकरांना झोपेत आणखी खाली उतरण्याची मुभाही दिलेली असते. शांत बसून मिनिटभर बोटांनी नाडी मोजावी. ती खरोखरच ठरविलेल्या गतीच्या खाली राहत असेल तर तपासणीस जावे, आणि त्याच्या जोडीला घेरी, मूर्च्छा वा धाप असेल तर सकाळची वाट पाहू नये.

एवढे सगळे वाचून कोणी आपली गोळी उद्यापासून बंद करील, तर तो मोठा अनर्थ होईल. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबविला असता ग्राहक जणू अधिक संवेदनशील होऊन बसलेले असतात, आणि अंजायना, अटॅक किंवा धडधड उफाळून येऊ शकते. तो कमी करायचाच तर डॉक्टरांच्या हुकमाने आठवडा-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करावा लागतो. वाचकाला विनंती एवढीच की पुढच्या पेसमेकर तपासणीला जाताना घरातील सगळी औषधे, डोळ्यांचे थेंब धरून, एका पिशवीत घालून न्यावीत. खालच्या कप्प्यांतील यंत्राच्या ठोक्यांचे प्रमाण किती आहे ते विचारून कार्डावर लिहून घ्यावे. आणि बीटा ब्लॉकरच्या नावापुढे तो कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांकडून एका ओळीत नोंदवून घ्यावे. त्या ओळीत लिहायला काहीच सापडले नाही, तर त्या औषधाचा फेरविचार त्याच भेटीत मागावा.